कोपरा चुकलेला पापुद्रा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि दोनशे पानांची एक वही मनात आणा. तिची पाने एकेक करून काढत जा. शेवटी एकच पान उरेल. आता ते पानही कांद्यासारखे सोलता येते, असे समजा. सोलता सोलता असा एक थर हाती येईल, की त्यानंतर सोलायला काही उरणारच नाही. अणूंचा एकच थर. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे लाखभर थर मावतील. तुमच्या नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. मला दिसतो.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. चंदीगडच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर मी उभा असतो. माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात माझी भिंगे हाताने घासली गेली आणि पितळी चाके तेल लावून बसवली गेली. तुम्ही शाळेत पाहता त्या सूक्ष्मदर्शकांत प्रकाश खालून येतो. माझा प्रकाश वरून पडतो, वस्तूवर आपटतो आणि परत वर येतो. त्यामुळे लोखंडासारख्या वस्तूही मला पाहता येतात.

पहिली बावीस वर्षे मी चंदीगडच्याच इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात काढली. तिथे ट्रॅक्टरची दातेरी चाके बनत. त्यांचे तुकडे आरशासारखे घासून माझ्याखाली ठेवत, आणि पोलाद चांगले आहे की नाही ते मी दाखवत असे. एकदा नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक चीर मी दाखवली आणि चाकांची सगळी खेप कारखान्याबाहेर पडण्याआधीच थांबली. त्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या मानेला झेंडूचा हार घातला होता. पुढे कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले. मला कपाटात ठेवले, ते आठ वर्षे कोणी बाहेर काढले नाही. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढली. मी रागावलो नाही. पण अंधारात भिंगाचा उपयोग काय, असे मनात येई.

मग कारखान्याने जुने सामान कॉलेजला दिले. इथल्या प्रयोगशाळेचे मदतनीस गुरनामजी यांनी मला उघडले, भिंगे पुसली, नवा दिवा बसवला आणि माझे नाव ठेवले बाबाजी.

मधुरिमा ही साताऱ्याकडची मुलगी इथे संशोधन करते. तिच्याकडे टंगस्टन आणि गंधक यांचा एक काळा, चमकदार स्फटिक आहे. चिकटपट्टी लावून ती त्याचे पापुद्रे काढते. पट्टी पुन्हा पुन्हा चिकटवायची आणि उचलायची. दर वेळी पापुद्रे अधिक पातळ होतात. शेवटी ते नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर दाबायचे आणि त्यांत एका थराचा पापुद्रा आहे का, ते शोधत बसायचे. एरवी ती हा शोध कॅमेऱ्याच्या सूक्ष्मदर्शकात घेते. डिसेंबरात तो बिघडला, म्हणून ती माझ्याकडे आली. तीन आठवडे ती रोज माझ्या डोळ्याला डोळा लावून बसली आणि शेवटी जांभळ्या जमिनीवर फिकट निळा, त्रिकोणी असा एक पापुद्रा मी तिला दाखवला. तिने लगेच कागदावर चिपचा चौकोन काढला. चिपच्या एका कोपऱ्यावर तिने खुणेसाठी ओरखडा काढलेला होता. चिपकडे वरून सरळ पाहून तो नकाशात डाव्या खालच्या कोपऱ्यात दाखवला. मग माझ्यात पाहून उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ पापुद्र्याची फुली मारली.

जानेवारीत थंडीमुळे शाळांची सुट्टी वाढली. मधुरिमाच्या बहिणीची मुलगी पूर्वी, वय वर्षे दहा, एक दिवस तिच्याबरोबर आली होती. या मुलीचे बाबा हवाई दलात आहेत, त्यामुळे ती इकडेच वाढली. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर मात्र हिंदीतून येते.

“मावशी, इतने छोटे से टुकड़े का करोगी क्या?”

“त्याच्यावर हिरवा लेझर टाकणार. मग तो स्वतः लाल प्रकाश देतो का, ते बघणार.”

“हरा डालोगी तो लाल कैसे आएगा?”

मधुरिमाने खुर्ची जवळ ओढली. “प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उडी मारतो. मागे त्याची रिकामी जागा राहते. ती त्याला ओढत असते. मग दोघं एकमेकांभोवती फिरतात. फुगडी माहितीये ना?”

“किकली?”

“हां, तुमची किकली. त्या फिरणाऱ्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात.”

“हाथ नहीं छूटते?”

“जाड स्फटिकात पटकन सुटतात. लग्नाच्या हॉलमध्ये ऐन गर्दीत किकली घातलीस तर? मध्ये लोकांचे हात येतात, कोपरं येतात. एकच थर असला की वर-खाली गर्दीच नाही. पकड घट्ट राहते. मग इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या जागेत परत पडतो आणि जवळची ऊर्जा लाल प्रकाश म्हणून सोडून देतो.”

“और मोटावाला?”

“त्याच्यात परतीची वाट वाकडी असते, त्यामुळे प्रकाश जवळजवळ नाहीच. म्हणून तर लाल दिसला की समजायचं, आपला थर एकच आहे.”

लेझरची खोली दुसऱ्या इमारतीत आहे आणि तिथे पाळी लागते. मधुरिमाला त्या दिवशी अकरा ते पाच अशी वेळ मिळाली होती. पुढची पाळी एप्रिलमध्ये होती, आणि हवेत राहून हा पापुद्रा तोपर्यंत खराब होणार होता. त्यात आणखी एक अडचण. लेझरखाली चिप गोंदाने घट्ट बसवतात. काढायला गेले, तर बहुतेक वेळा ती मोडते.

अकराला मधुरिमा चिप आणि नकाशा घेऊन तिकडे गेली आणि पूर्वी गुरनामजींजवळ थांबली. अडीच वाजता मधुरिमा डबा खायला परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

“नकाशात फुली आहे तो कोपरा सगळा पाहिला,” ती गुरनामजींना हिंदीत म्हणाली. “तिथे काहीच नाही. अख्खी चिप धुंडाळायला तर दोन दिवस लागतील. लेझरच्या कॅमेऱ्यात एका वेळी केवढंसं दिसतं.”

“फिर?”

“चार वाजेपर्यंत बघते. नाहीतर चिप काढून पुढच्या मुलांना जागा देते.” मग तिने माझ्याकडे पाहिले. “यानेच चिकटपट्टीच्या गोंदाचा डाग पापुद्रा म्हणून दाखवला असेल.”

“ना मैडम जी, बाबाजी पे शक मत करो,” गुरनामजी म्हणाले. “नजर पुरानी है, पर झूठ नहीं बोलते.”

मित्रांनो, पापुद्रा चिपवर होता हे मला ठाऊक होते, आणि तो कुठे होता हेही. पण मला बोलता येत नाही. मी फक्त दाखवतो, आणि त्या वेळी माझ्यात पाहायला कोणी येत नव्हते.

पूर्वीला मात्र कंटाळा आला होता. तिने गळ्यातले शाळेचे ओळखपत्र काढून माझ्याखाली सरकवले. त्यावर इंग्रजीत तिचे नाव बारीक अक्षरांत छापलेले होते. गुरनामजींनी माझे सर्वांत कमी ताकदीचे भिंग खाली आणले. “बस, शीशे को हाथ नहीं लगाना,” ते म्हणाले. तिने बराच वेळ चाक फिरवले.

“मावशी, मेरे नाम का पी डी बन गया.”

“जेव गं आधी.”

“सच में. पी सिर के बल खड़ा है.” तिने ओळखपत्र उजवीकडे सरकवले. “और मैं राइट में ले जाती हूँ, तो ये लेफ्ट में भागता है. खराब है क्या?”

“ओ नहीं पुत्तर,” गुरनामजी हसले. “बाबाजी शुरू से उल्टा ही दिखाते हैं. ऊपर का नीचे, दाएँ का बाएँ. नयी मशीन सीधा कर देती है, ये नहीं करते.”

पूर्वीने डोळा वर काढला. टेबलावर नकाशाचा कागद पडला होता.

“तो मावशी, आपने नक्शा किसमें देखके बनाया था?”

मधुरिमाच्या हातातला पराठ्याचा तुकडा तसाच राहिला. तिने नकाशा ओढून घेतला. नकाशातला ओरखडा तिने चिपकडे सरळ पाहून काढला होता आणि फुली माझ्यात पाहून. एका कागदावर दोन नजरा झाल्या होत्या. तिने बोटाने फुली उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात नेली, अगदी ओरखड्याच्या शेजारी.

“तिकडे मी पाहिलंच नाही,” ती म्हणाली. डबा उघडाच टाकून ती निघाली आणि तिच्यामागे पूर्वी धावली.

पुढचे मी पाहिलेले नाही. लोकांनी माझ्यामुळे पाहिले ते मला बहुतेक ऐकूनच कळते. साडेचारला पूर्वी परत आली आणि तिने गुरनामजींना एका दमात सांगितले. त्रिकोण ओरखड्याजवळच होता. लेझरचा हिरवा प्रकाश एका खास काचेने अडवला, तेव्हा पडद्यावर सगळे काळे झाले आणि मध्ये फक्त त्रिकोण लाल दिसला. मधुरिमामावशी धपकन खुर्चीवर बसली. मग म्हणाली, बाबाजींना सॉरी सांग.

मला त्याची गरज नव्हती. पण ऐकून बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. भिंगाला बोट लावू नका. ते रुमालाने पुसू नका, त्याचे वेगळे मऊ कापड असते ते घ्या. काम झाले की माझ्यावर आच्छादन घाला. आणि यंत्र नवे असो की जुने, ते कसे पाहते हे आधी विचारून घ्या. मी उलटे दाखवतो, पण रोज तसेच दाखवतो. हे ज्याला माहीत आहे, त्याला मी कधी फसवलेले नाही.

त्या संध्याकाळी मधुरिमा अजून लेझरच्या खोलीतच होती. पूर्वीने गुरनामजींकडून बारीक टोकाचे पेन मागून घेतले. कागदाच्या कपट्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिने दोनच शब्द लिहिले: नक्शा घुमाओ. कपटा माझ्याखाली ठेवला, पाहिला आणि पुन्हा काढला. मग तो उलटा करून ठेवला आणि चिकटपट्टीने बसवला. आता माझ्यात पाहणाऱ्याला सर्वांत आधी ते दोन शब्द दिसणार होते, आणि ते सरळ दिसणार होते.

पाच वाजता मधुरिमा आली. पूर्वीने तिचा हात धरून तिला माझ्यासमोर बसवले.

“मावशी, आता बघ,” ती म्हणाली.