टोपलीखालचा घट

"टोपलीखाली कोंबडी बसवली का व, ललिताताई?" शेजारच्या फरजानानं दारातूनच विचारलं. फॉल लावायच्या साड्यांचा गठ्ठा तिनं मशीनवर टाकला आणि देवघरात डोकावून पाहिलं.

"हळू बोल. देवाचं हाय ते."

"नवरात्र तं कवाचं सरलं. एप्रिलात घट?"

ललिता सुईत दोरा ओवत राहिली. देवघरात मातीचे दोन परळ होते, दोन्हींत गहू पेरलेला. एक अंबादेवीच्या तसबिरीपुढं, खिडकीच्या उजेडात. दुसरा कोपऱ्यात, पालथ्या टोपलीखाली.

उजेडातला अकोल्याचा. टोपलीखालचा हॉलंडचा.

तिच्या लेकीची, वर्षालीची, पीएच.डी.साठी दोन ठिकाणी निवड झाली होती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आणि हॉलंडमधल्या एका विद्यापीठात. विषय दोन्हीकडं तोच, बियाणं. नवरा, शेषराव, गेल्यापासून घरात दोघीच. "मले ठरवता नाई येऊन राह्यलं, आई. तू म्हणशीन तिथं जाईन," असं म्हणून पोर मोकळी झाली होती. आज संध्याकाळपर्यंत दोन्हीकडं कळवायचं होतं.

"मंग कुठं जाऊन राह्यली पोरगी?"

"देवी सांगीन. ज्याचा घट उंच, तिकडं."

"देवीले इचारलं. सोतःले इचारलं का?" फरजाना हसली आणि साड्या मोजायच्या सोडून तशीच निघून गेली.

ललितानं मशीन सुरू केलं. पायाखालची पट्टी हलू लागली की तिला आगगाडीत बसल्यासारखं व्हायचं. मागच्या महिन्यात दोघी अकोल्याला जाऊन आल्या होत्या. विद्यापीठात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुलिंब, मोहर गळून रस्ता पांढुरका झालेला. तिथल्या मॅडमनी स्वतःच्या हातानं चहा दिला होता. परतताना मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तोवर ललितानं दर शनिवारचे डबे मनातल्या मनात भरूनही ठेवले होते.

हॉलंड मात्र तिच्या डोळ्यांपुढं नीट उभं राहत नसे. तिथली जमीन समुद्राच्याही खाली आहे, असं वर्षाली सहज बोलून गेली होती. तेव्हापासून ललिताला दिसायचं ते एकच. पोर निजली आहे, खिडकीबाहेर हिरवं पाणी आहे, आणि घराच्या कौलांवरून एक नाव आवाज न करता जाते आहे.

म्हणून दुसऱ्या परळाकडं तिला पाहवत नसे. पेरल्याच्या दिवशीच तिनं त्यावर टोपली पालथी घातली. पाणी मात्र दोन्हींना एकाच तांब्यातून. टोपली थोडी उचलून, डोळे मिटून.

दुपार कलल्यावर वर्षाली आली. दोघी देवापुढं बसल्या. ललितानं हात जोडले आणि टोपली काढली.

अकोल्याचा गहू हिरवागार, बोटभर. टोपलीखालचा त्याच्या दुप्पट, हळदीसारखा पिवळा, एकमेकांच्या अंगावर रेललेला.

"पिवळा घट," ललिता म्हणाली. "लय चांगला मानतेत. देवीनं सांगतलं, बाई."

वर्षालीनं वाकून एक कोंब बोटावर घेतला. "आई, हे झाकून कावून होतं?"

ललितानं टोपली उचलून मागं सरकवली.

"अंधारात कोंब उंचच होते व. उजेड हुडकते ते, म्हणून नुसतं वाढत जाते. पिवळं बी त्याच्यानंच. दोनी सारखे उजेडात ठेवले असते तं सारखेच आले असते." मग तिनं आईकडं पाहिलं. "तुले अकोलाच पायजे होतं ना?"

खिडकीतून कडुलिंबाचा वास आला. एक हो म्हटलं की झालं, असं ललिताला वाटलं. गाडी, मूर्तिजापूर, शनिवार. सगळं जिथल्या तिथं.

"पायजे होतं," ती म्हणाली. "म्हणून तं झाकलं."

"मंग हा कौल नाई झाला. पुन्हा पेरू. मी मुदत मागून पाहतो."

"देवीले दोनदा इचारत नाई." ललितानं पिवळ्या शेंड्यांवरून तळहात फिरवला. "मी झाकलं, तरी हे वाढलंच ना व? जाय. कळवून टाक."

"आई..."

"जाय म्हणतो ना."

ललितानं परळ दोन्ही हातांत धरून अंगणात आणला. मागून वर्षालीचा आवाज आला, "एकदम उन्हात नको ठेवू, करपून जाईन. आधी सावलीत!"

तिनं तो कडुलिंबाखाली ठेवला. कोंब कलंडत होते, त्यांना फॉलच्या दोऱ्याचा सैलसा वेढा दिला. आत वर्षालीच्या लॅपटॉपच्या कळा दाबल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता.

दिवेलागणीला ललिता तुळशीपाशी दिवा ठेवून परळाजवळ आली. पिवळ्या शेंड्यांवर हिरवट झाक चढली होती. तिनं परळ जरासा फिरवला. पलीकडच्या बाजूलाही सकाळचा उजेड लागावा म्हणून.