चुकीनं लिहिलेलं नाव

लक्ष्मीकांत दिघे माणूस असा टापटिपीचा, की मेल्यावर मागच्यांची धावपळ नको म्हणून सगळं लावून ठेवून गेला. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेलं, हाताला सवयच तशी. दांडिया बाजारातल्या घरी, कपाटात एकच फाइल. विमा, पोस्टाची सर्टिफिकेटं, बँकेतली ठेव, दोन-चार कंपन्यांचे शेअर. आणि वर चिठ्ठी: ‘सगळीकडे नॉमिनी लिहिली आहे. काळजी नसावी.’

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

सहाच्या सहा कागदांवर नॉमिनी होती मोहना लक्ष्मीकांत दिघे. नातं, पत्नी. आता बायको तर समोर बसलेली, आणि रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत तिचं नाव प्रतिमा!

अंकलेश्वरहून आलेल्या मुलानं, अनिशनं, फाइल दोनदा उलटीपालटी केली. मग खालच्या आवाजात विचारलं, “आई, ही मोहना कोण?”

पोराचं तोंड बघून त्या सुतकाच्या दिवसांतही बाईंना हसू फुटलं. “मी रे, गाढवा! माहेरची मोहना.”

लग्न सहासष्ट सालचं. सासूबाईंनी लग्नाआधीच बजावलं होतं, “मोहना हे काय घरंदाज नाव झालं?” मग लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘प्रतिमा’ असं लिहिलं गेलं. लिहिणारा लक्ष्मीकांतच. आईपुढं कधी ब्र काढला नाही त्यानं. पण तेहेतीस वर्षांत बायकोला प्रतिमा म्हणून हाकही मारली नाही. आधी ‘अगं’, मुलगा झाल्यावर ‘अनिशची आई’. मोहना तर ओठावरसुद्धा आलं नाही.

आलं ते कागदावर.

अनिश आईला घेऊन कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसणाऱ्या जयसिंगरावांकडे गेला. सगळं ऐकून जयसिंगराव म्हणाले, “एवढंच ने? सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र करून टाकू, काकी. अर्धा कलाक, अर्ध्या तासाचं काम. बेसो तुम्ही.” आणि टकाटक गुजरातीत टाइप करून मराठीत वाचून दाखवलं: “माझ्या कैलासवासी पतीने नजरचुकीने माझे नाव मोहना असे लिहिले आहे. माझे खरे नाव प्रतिमा. इथं सही.”

बाईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

“नजरचुकीनं?”

“असं लिहावंच लागतं, काकी. बँकवाल्यांना चूक चालते, भानगड चालत नाही.”

“पहिला कागद एकाहत्तरचा आहे, भाऊ. शेवटचा गेल्या वर्षीचा. एकदा लिहिलं तर चूक म्हणा. सत्तावीस वर्षं कोण एकच चूक करतं? त्यांनी कारखान्यात कधी एक पिंप चुकीचं मोजलं नाही.”

“आई, एका शब्दानं काय होतंय?” अनिश वैतागला. “मला उद्या ड्युटीवर जायचंय. पैसे अडकून पडतील तुझे!”

“पडू देत. मला पेन्शन आहे. पण तो माणूस चुकला असं मी सही करून सांगणार नाही.”

डोळे भरले होते, पण रडल्या नाहीत. राग होता तो. नवऱ्यावरच. अरे, एवढं मनात होतं तर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन एकदा म्हणायचं होतंस. मोहना, चहा कर. बस, एवढंच. सासूबाई जाऊनही वीस वर्षं झाली होती, कोण अडवणार होतं? जिवंतपणी मारायची हाक या माणसानं मेल्यानंतरसाठी ठेव म्हणून ठेवली!

जयसिंगरावांनी बाईंपुढचा कागद ओढून घेतला. म्हणाले, “एक रस्ता आहे, काकी. लांबचा. शाळेचा दाखला आणा. जन्माचं नाव, बापाचं नाव, त्यात सगळं येतं. लग्नाची पत्रिका असेल तर तीही. मग ‘चूक’ न लिहिता ‘दोन्ही नावं माझीच’ असं लिहिता येईल. महिना-दोन महिने जातील.”

“जाऊ देत.”

अनिश पाय आपटत अंकलेश्वरला गेला. बाई एकट्याच शाळेत गेल्या. अर्ज दिला. आठ दिवसांनी बोलावलं, गेल्या. ऑफिसबाहेर बाकावर सात-आठ जण बसले होते, आपापल्या पोरांच्या दाखल्यासाठी. त्याही बसल्या, पदरानं मान पुसत.

आतून एक तरुण कारकून मुलगी बाहेर आली, कागद बघत. “मोहना गोविंदराव चित्रे कोण आहे?”

कोणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनीही शेजारणीकडे बघितलं. कुणाची असेल ही मोहना?

“मोहनाबेन आहेत का?” मुलगी पुन्हा ओरडली.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बाई बाकाला धरून उठल्या. आवाज भलत्याच पोरीचा, तोही घाईतला, वैतागलेला. ज्याचा हवा होता त्याचा नव्हता, आणि आता येणारही नव्हता.

“माँजी, कधीची हाक मारतेय! ऐकू येत नाही का?”

बाईंचे कान शाबूत होते. दोन घरं पलीकडची कुकरची शिट्टी ऐकू यायची त्यांना.

“नाही गं, बाळा,” त्या म्हणाल्या, “कमीच येतं. परत एकदा घे बघू नाव. जरा सावकाश.”