कुणाचंही नाव राहायला नको

माझ्या भावाला कसं मारलं, हे मला एका हिरव्या पडद्याकडून कळलं. पडद्यामागे जयवंत घाडी बसला होता. पडद्यापुढे पार्ल्यातल्या एका शाळेचा भरलेला हॉल, मंचावर निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्या डोक्यावर कापडी फलक: 'पोलीस कोठडी आणि मानवी हक्क – जनसुनवाई'.

पोलिसांचं म्हणणं होतं, सर्वेश बाथरूममध्ये घसरून पडला. मोबाइल चोरीच्या संशयावरून त्याला घरून उचललं होतं, अर्ध्या ताटावरून. घसरून पडलेल्या माणसाच्या तळपायांवर वळ कसे उठतात, असं मी विचारलं तर साहेब म्हणाले, "ताई, पोस्टमॉर्टेम तुम्ही केलंत का?" तेव्हापासून माझ्या डोक्यात जाळ आहे आणि तो विझावा असं मला कधी वाटलेलं नाही.

जयवंत त्या रात्री त्याच कोठडीत होता. आमच्याच घाटकोपरच्या डोंगरावरचा पोरगा, पार्सलं पोचवायचा. बाईक कुठे लावली यावरून हवालदाराशी हुज्जत घातली, म्हणून आत टाकलेला. सुटून आला तो मुका होऊनच. मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. नळावर गाठला, गणपतीच्या मंडपात गाठला.

"सांगतो," शेवटी तो म्हणाला. "पण एकदाच. तुला एकटीला नाय सांगणार, तू रडशील आणि मग मला नाय जमणार. सगळ्यांसमोर सांगतो. फक्त नाव नको गं, सुलक्षणा. घरी आई एकटी असते ना."

नाव नको, ही एवढीच अट. आमच्या वकील रेवती मॅडम म्हणाल्या, ती माझी जबाबदारी. पडदा त्यांनीच लावून घेतला. जयवंतला मागच्या जिन्यानं वर आणलं. सर्वेशच्या मृत्यूची चौकशी मागणारा आमचा अर्ज कोर्टात धूळ खात पडला होता. या सुनवाईचा अहवाल जोडला की तो हलणार होता, आणि मग बंद खोलीत न्यायाधीशांपुढे जयवंतचा जबाब. तोवर नाव फुटलं तर वाट लागली, हे मॅडमनी आम्हा दोघांना बजावलं होतं. हॉलच्या शेवटच्या रांगेत दोन दांडगे मोबाइल वर धरून बसले होते. ते कुणी धाडलेत हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"पहिल्यांदा पट्टा होता," पडद्यामागून जयवंत बोलायला लागला. "त्याला बाहेर काढून गजांसमोर पालथा घातला. दोघं मांड्यांवर उभे राहिले आणि तिसरा तळव्यांवर मारत होता. सर्वेशनं मोबाइल चोरला म्हणून सांगून टाकलं. कुठला मोबाइल ते त्यालाच माहीत नव्हतं. तरी थांबले नाहीत. मारणाऱ्याचा हात भरून आला तेव्हा बूट वापरले. पोटात. तो ओकला, तर त्याच्याच शर्टानं त्याला फरशी पुसायला लावली. पाणी पाणी करत होता. मी गजांतून बाटली पुढे केली, तर माझी बोटं बुटाखाली घेतली. त्यातलं एक अजून वळत नाही. पहाटे तो बहिणीला हाका मारत होता. मग बंद झाल्या."

मला रडू आलं नाही. मला त्या तिघांचे गळे हवे होते, माझ्या या दोन हातांत.

कार्यक्रम तिथेच संपायला हवा होता. पण आपल्याकडे आभार मानल्याशिवाय बारसंसुद्धा संपत नाही. आभाराला उठले विद्याधरकाका, ही सुनवाई भरवणाऱ्या संघटनेचे संस्थापक. बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ झब्बा, गोड आवाज. म्हातारा मनानं वाईट नव्हे. पोलीस ठाण्याच्या बाकावर माझ्यासोबत भर उन्हात बसलेला माणूस आहे तो. पण त्याचं आभारप्रदर्शन सगळ्या पार्ल्यात प्रसिद्ध, कारण हातात कागद नसतो आणि एकही नाव सुटत नाही. सुनवाईआधी मागच्या खोलीत चहा पिताना त्यानं जयवंतला मायेनं विचारलंच होतं, "आडनाव काय बाळ? गाव कोणतं?" आणि जयवंतनंही वडीलधाऱ्याला सांगावं तसं सांगितलं होतं.

काकांनी न्यायाधीशांचे आभार मानले. मुख्याध्यापकांचे, माईकवाल्याचे, बटाटेवडे देणाऱ्या महिला मंडळाचे. लोक चपला चाचपडायला लागले.

"आणि ज्यांच्यावाचून आजची सुनवाई झालीच नसती," काका पडद्याकडे हात करून म्हणाले, "ते घाटकोपरहून आलेले, मूळचे आचऱ्याचे, आपले तरुण मित्र जयवंत घाडी. त्यांच्या धैर्याला आपण टाळ्यांनी दाद देऊ या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! शिकलेसवरलेले लोक, मानवी हक्कांवर दिवसभर बोलून घसा बसलेले, उभे राहून टाळ्या वाजवत होते. रेवती मॅडम किंचाळल्या ते त्या कडकडाटात कुणाला ऐकू गेलं नाही. मागच्या रांगेतले दोघे मोबाइल खिशात घालून बाहेर पडले होते.

मी जयवंतचा हात धरून मागच्या जिन्यानं धावले. "नाव घेतलं ना?" तो सारखा विचारत होता. "माझंच घेतलं ना?" गल्लीत त्याची बाईक उभी होती. तो किल्ली लावतच होता, इतक्यात ते दोघे आले. हातात सळ्या होत्या.

पहिला घाव तोंडावर बसला. दात रस्त्यावर उडाले. मग गुडघा, मग पुन्हा तोंड. जयवंत खाली पडला तसा एक जण त्याच्या छातीवर बसला आणि जबड्यावर सळी घालत राहिला, खलबत्त्यात कुटावं तसा. "बोल आता," म्हणत होता, "बोल ना, बोल." मी बाईकवरचं हेल्मेट उचलून त्याच्या डोक्यात घातलं. एकदा, दोनदा, त्याचा कान फाटेपर्यंत. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्यानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात त्याचं रक्त खारट लागलं आणि मी ते थुंकलेही नाही. वर हॉलच्या खिडक्यांत माणसं दाटली होती. अर्ध्यांच्या हातांत मोबाइल होते. ओरडत सगळे होते, पण खाली रेवती मॅडम तेवढ्या आल्या, अनवाणी.

ते दोघे पळाले तेव्हा जयवंतचं तोंड तोंड राहिलं नव्हतं. श्वासाबरोबर लाल बुडबुडे येत होते. मॅडमनी आपली ओढणी त्यावर दाबून धरली.

विद्याधरकाका कठडा धरून एकेक पायरी उतरत आले. मी त्यांना थोबाडीत मारली. म्हाताऱ्याचा चष्मा उडाला. मी झब्ब्याला धरून त्यांना इतकं गदागदा हलवलं की बटणं तुटली.

"पडदा कशाला होता?" मी ओरडले. "कशाला होता पडदा?"

"बाळ," ते म्हणाले, "त्याचं एकट्याचं नाव राहिलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं गं."

मी आणखी मारणार होते. पण हात उचलेना.

हॉस्पिटलमध्ये जयवंतची आई, मी तिला काकी म्हणते, आली ती कामावरूनच, पदराला पीठ लागलेलं. पोळ्या लाटायला जाते ती लोकांकडे. मेंदूत रक्तस्राव झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते तिला कळलं की नाही कोण जाणे. ती बाकावर माझ्याशेजारी बसून राहिली. माझ्या कपाळावरचं रक्त तिनं पदरानं पुसलं, पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. मला वाटलं, ही मला आपली समजतेय.

मग डॉक्टर पुन्हा बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली.

काकी रडली नाही. उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की आधीच फुटलेला ओठ पुन्हा फुटला. नर्स धावत आली. मी तिला हातानं थांबवलं.

"तेका थंय कित्याक न्हेलंस?" काकी म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तुझो भाव गेललोच होतो गो. माझो झील जितो होतो."

माझ्या तोंडाचा पट्टा एरवी कुणापुढे थांबत नाही. साहेबापुढे थांबला नाही, न्यायाधीशांपुढे थांबला नाही. काकीपुढे मी मान खाली घालून उभी राहिले, आणखी एक बसेल म्हणून वाट बघत. तिनं ती मारली नाही. ती आत आपल्या मुलाकडे गेली आणि दार लावून घेतलं.