वरच्या मळ्याची कॉफी

ओलिवानं चमचा पेल्यात बुडवला, कॉफी फुर्रकन जिभेवर ओढली आणि थुंकायचं विसरून ती तशीच उभी राहिली.

"काय झालं, डोन्या ओलिवा? चटका बसला का?" नोएमीनं उकळत्या हंड्याजवळून विचारलं.

"हे पोतं कुणाचं?"

"चिठ्ठीवर फिदेन्सिओचं नाव आहे."

"चिठ्ठीला काय कळतंय!" ओलिवा म्हणाली आणि तिनं पुन्हा एक चमचा घेतला.

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोत्यातल्या मूठभर बिया आधी भाजायच्या, दळायच्या, गरम पाणी ओतून चाखायच्या, घोट थुंकून टाकायचा आणि मगच पोतं आत घ्यायचं, अशी रीत होती. गेली एकतीस वर्षं ती चाखणी ओलिवाच्या जिभेवर चालली होती. कुणाचं बी ओलं राहिलं, कुणी पिकल्या फळांत हिरवी मिसळली, कुणी चुलीच्या धुराजवळ वाळवलं, हे ती डोळे मिटून सांगे. गावातली माणसं तिला थोडी टरकूनच असत.

पण आज तिच्या जिभेला दोष सापडला नव्हता. पिकल्या पेरूसारखा वास, मागून हलकी आंबूस गोडी आणि अगदी शेवटी ओल्या चिकणमातीची चव. ही चव साऱ्या डोंगरात एकाच ठिकाणची होती. वरच्या मळ्यात झऱ्याकाठी तिच्या बापानं लावलेली चाळीसेक जुनी झाडं होती, त्यांची. आणि तो मळा फिदेन्सिओचा नव्हता. तो तिच्या भावाचा, आर्सेसिओचा होता.

अकरा वर्षं त्या मळ्यातला एक दाणा कारखान्याच्या फाटकातून आत आला नव्हता. ती वाट बंद करणारीही ओलिवाच होती.

कारखाना सुरू झाला तेव्हा ओलिवा धरून चौघीजणी होत्या. बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, दोन हंडे आणि गुळाच्या ढेपा. कॉफी उकळायची, गूळ घालायचा, गार करायची, बाटल्यांत भरायची. बाटल्या हातानं धुवायच्या. हात सोलवटून निघत, पण गाणी थांबत नसत. पहिला ट्रक बाटल्या घेऊन शहराकडे निघाला तेव्हा चौघी एप्रनसकट त्याच्यामागे पुलापर्यंत धावत गेल्या होत्या. लेकीला सासरी पाठवल्यासारख्या रडल्या आणि मग एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. आता सत्तर माणसं कामाला होती, बाटल्या यंत्रं धूत होती, पण ओलिवाला ट्रकचा आवाज आला की अजून पुलाकडे बघावंसं वाटे.

आणि एक वर्ष असं आलं होतं, की हंड्यात ओतायला पाणीच उरलं नाही. वरच्या उतारावर लोकांनी सावलीची झाडं तोडली होती. उघड्यावरची कॉफी दुप्पट पिकते, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. झाडं गेली, माती वाहिली, झरे आटले. तेव्हा सगळ्यांनी बसून नेम केला, की जो सावली राखील आणि कॉफीचं बी धुतल्याचं घाण पाणी ओढ्यात सोडणार नाही, त्याचीच कॉफी घ्यायची. दर वर्षी मळे फिरून बघायचं काम ओलिवाकडे आलं.

आर्सेसिओच्या कॉफीवर तांबेरा पडला आणि निम्मा मळा वाळून गेला, तेव्हा त्यानं नवी रोपं लावायला सावलीची ग्वामोची झाडं पाडली. ओलिवा तपासणीचा कागद घेऊन वर गेली तेव्हा बुंध्यांतून अजून चीक गळत होता. त्याच ग्वामोच्या फांद्यांवर दोघं भावंडं लहानपणी दुपारभर लोंबकळत. लांबलचक शेंगा फोडून आतला कापसासारखा गोड गर चोखत आणि काळ्या बिया एकमेकांच्या डोक्यावर फेकत. आई खालून ओरडे, "माकडांनो, उतरा! भाकरी थंड झाली."

"लिही की," आर्सेसिओ म्हणाला होता. "थांबलीस कशाला?"

"आर्सेसिओ, मला विचारलं असतंस तर—"

"पोरांच्या पोटाला काय घालू, हे विचारायला कारखान्यात येऊ? तू माझी बहीण आहेस की त्यांची, तेवढं सांग."

ओलिवानं लिहिलं आणि मळ्याचं नाव कटलं. पुढच्या वर्षी आई गेली. आर्सेसिओनं शवपेटीला पुढून खांदा दिला, ओलिवा मागून बायकांत चालली. कबरीशी दोघं समोरासमोर उभी राहिली, तरी नजरेला नजर भिडली नाही.

आणि आज त्याची कॉफी दुसऱ्याच्या नावानं तिच्या जिभेवर आली होती.

"घेऊ का आत?" नोएमीनं विचारलं. "कॉफी चांगली असेल तर कशाला उगाच खोदत बसायचं?"

ओलिवाच्या मनात आलं, की खरंच, गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? चव तर तिच्या एकटीच्या तोंडात होती. तिनं चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

"पोतं बाजूला ठेव," ती म्हणाली. "मी वर जाऊन येते."

चढ दोन तासांचा. पूर्वी ती एका दमात चढे. आता दोनदा बसली. मळ्याच्या कुंपणाशी पोचली आणि तिथंच थबकली. उघड्या उतारावर कॉफीच्या ओळींमधून ग्वामो उभे होते. मोठे नव्हते, खोड मनगटाएवढं, पण शेंडे माणसाच्या डोक्याच्या बरेच वर गेलेले. खाली जमिनीवर विरळ, हलती सावली पडली होती.

"पोतं परत आणलंस का?"

आर्सेसिओ कोयता हातात घेऊन ओळीतून बाहेर आला. तो किती वाळला होता! बाप शेवटी शेवटी दिसे तसाच दिसत होता.

"खाली आहे," ओलिवा म्हणाली. "फिदेन्सिओच्या नावावर का पाठवलंस? त्याचं नाव कटलं तर? त्याच्या घरात सहा तोंडं आहेत."

"त्याला बोल लावू नकोस. मीच त्याच्या गळ्यात पडलो."

"पण कशाला?"

आर्सेसिओनं कोयत्याचं पातं विजारीला पुसलं. "बघायचं होतं."

"काय?"

"तुझी जीभ शाबूत आहे, की कारखान्यानं तीही खाल्ली."

ओलिवाला राग यायला हवा होता. पण तिला हसू फुटलं. ती दगडावर बसली. आर्सेसिओची बायको नूबिया गुळाचं गरम पाणी घेऊन आली. पेला नणंदेच्या हातात देताना तिनं तिची बोटं क्षणभर दाबून धरली.

"ही झाडं कधी लावलीस?" ओलिवानं विचारलं.

"चार वर्षं झाली. झरा आटत चालला होता. झऱ्याकाठची आबांची झाडं पिवळी पडायला लागली, तेव्हा उमगलं."

"मग सांगायचं नाही? तपासणीला कुणी आलं असतं."

"कोण? तू?" तो म्हणाला. "कुठल्या तोंडानं बोलावू?"

ओलिवानं पेला रिकामा करून दगडावर ठेवला. नूबिया दारात उभी होती.

"पोतं परत येणार," ओलिवा म्हणाली. "आणि बैठकीत मी सगळं सांगणार. तुझंही, फिदेन्सिओचंही."

"वाटलंच मला."

"आणि मळा बघायला दुसऱ्या बायका पाठवा म्हणणार. मी बघितला तर लोक म्हणतील, भावाला घेतलं."

आर्सेसिओनं मान हलवली. "तू नाही सुधारणार," तो म्हणाला, पण त्या बोलण्यात आता काटा नव्हता.

बैठकीत व्हायचा तो गोंधळ झाला. फिदेन्सिओला सगळ्यांदेखत खडसावलं, तो बापडा टोपी चुरगाळत उभा राहिला. नोएमी त्याच्या बाजूनं भांडली म्हणून नुसत्या समजेवर भागलं. खालच्या वस्तीतल्या तिघी बायका वर जाऊन आल्या. त्यांनी झाडं बघितली, झरा बघितला, धुण्याचं पाणी मुरवायचा खड्डा बघितला आणि आणखी एक हंगाम जाऊ द्या, मग मळा घेऊ म्हणाल्या. ओलिवानं तसंच लिहून घेतलं. तो हंगाम आर्सेसिओनं कॉफी बाजारात दलालाला घातली.

त्याच्या पुढच्या वर्षी, तोडणीच्या तिसऱ्या आठवड्यात, फाटकाशी खेचरांची रांग लागली होती. नवीन माणसाचा कागद भरायचं काम चाखणीच्या टेबलावरच होई.

"डोन्या ओलिवा," नोएमी खिडकीतून वाकून बघत हळूच म्हणाली, "रांगेत कोण आहे बघितलंत का? तुम्ही उठा, मी भरते कागद."

"बस तू," ओलिवा म्हणाली.

आर्सेसिओ पांढरा धुतलेला सदरा घालून आला होता. ओळखीच्या दोघांनी त्याला पुढे जा म्हटलं, पण तो आपल्या जागेवरून हलला नाही. नंबर आला तेव्हा त्यानं टोपी काढली.

"नाव?" ओलिवानं विचारलं. आवाज तिनं रोजच्यासारखाच ठेवला होता.

"आर्सेसिओ चिकांगाना."

"मळा?"

"ला वेर्तिएन्ते. वरच्या अंगाचा."

"पाणी कुठलं?"

"झऱ्याचं. वाहतोय आता."

ती लिहीत गेली. कागदाच्या तळाशी सगळ्यांना विचारायचा एक प्रश्न होता. तिनं तो छापल्याप्रमाणे वाचला, "नात्यातलं कुणी कारखान्यात कामाला आहे?"

आर्सेसिओ टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मागे कुणाचं तरी खेचर खूर आपटत होतं.

"बहीण," तो म्हणाला.

ओलिवानं तो शब्द सावकाश लिहिला.

"अहो, आटपा की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आमची कॉफी इथंच उगवायची!"

ती कागदावरून मान वर न करता म्हणाली, "थांबा जरा, शाई वाळू दे."