राजाने दरवाजा उघडला नाही

खेळातला संगणकाचा राजा बिनडोक होता, आणि त्याचं डोकं तिनंच लिहिलेलं असल्यामुळे बोलणी तिला बसत होती. शत्रू चालून आला की गुपचूप किल्ल्यात बसावं की नाही? पण समोर चार घोडेस्वार नाचवले, की हा दरवाजे सताड उघडून अख्ख्या फौजेनिशी त्यांच्यामागे धावायचा. मागे राजधानी रिकामी! खेळणारे हसून हसून बेजार.

आज तिनं त्याचा कोड बदलला आणि स्वतःच त्याच्यावर चाल केली. घोडेस्वार नाचवले. राजा ढिम्म.

"हँग झाला वाटतं," शेजारच्या संगणकावर खेळातली तटबंदी रंगवणारे चित्रकार काका म्हणाले.

"होऊ दे मेल्याला!" ती करवादली.

तेवढ्यात तिचेच सैनिक पटापट कमी व्हायला लागले. आजूबाजूच्या गावांतलं धान्य राजानं आधीच किल्ल्यात नेलं होतं. तिची फौज बाहेर उपाशी मरत होती.

तिनं माघार घेतली. "आता धावेल बघा मूर्ख," म्हणत तिनं डोळ्यांवर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. दरवाजा बंदच. तिचा शेवटचा सैनिक सीमेपार गेल्यावरच तो उघडला, आणि बाहेर पडले ते नांगर घेतलेले शेतकरी.

"काय झालं गं?"

"सपशेल हरले, काका!" तिनं हसत पर्स उचलली. "आता याला एकट्याला सोडून घरी जाता येईल."