काम तिथे खुर्ची

मित्रांनो, मला पाय चार आणि हात दोन आहेत. डोके मात्र नाही. त्यामुळे मानपान कधी माझ्या डोक्यात गेला नाही. मी एक घडीची खुर्ची आहे. लष्कराच्या छावणीतल्या सुताराने मोडक्या पेट्यांच्या लाकडातून मला जुळवले आणि फाटक्या तंबूचे जाड कापड माझ्या अंगावर ताणून बसवले. घाईत माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. सुतार ओशाळला. पण ज्यांच्यासाठी मी बनले होते, ते तरुण अधिकारी बसून पाहत म्हणाले, "राहू दे. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर डुलकी लागत नाही."

तेच पुढे कर्नलसाहेब झाले. त्यांची एक रीत होती. जवान खंदक खणत असोत की चिखलात रुतलेली गाडी ढकलत असोत, साहेब आधी स्वतः हात लावत आणि दमले की तिथेच मला उघडून बसत. तंबूत बसून हुकूम सोडणे त्यांना जमत नसे.

निवृत्त होऊन ते घरी परतले, तेव्हा लोकांनी त्यांना नगराध्यक्ष केले. कार्यालयात एक गुबगुबीत, गरगर फिरणारी खुर्ची होती. तिने मला पाहून नाक मुरडले. साहेब एक दिवस तिच्यावर बसले आणि म्हणाले, "हिच्यावरून नुसती भिंत दिसते." दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून ते थेट एका फुटक्या नळापाशी गेले. तिथे मला मांडले, थर्मासमधला चहा ओतला आणि वर्तमानपत्र उघडले. कुणावर आवाज चढवला नाही. नळ दुरुस्त होईपर्यंत फक्त बसून राहिले. दुपारी नगरपालिकेचा मुकादम हत्यारे घेऊन धावत आला. मग तशी प्रथाच पडली. तक्रार आली की मी तिथे जाई आणि काम होऊन जाई.

एकदा मात्र चांगलीच फजिती झाली. साहेबांच्या पत्नीला सारे गाव बाई म्हणत असे. बाईंनी माझे कापड साबणाने घासले आणि मला गल्लीच्या कोपऱ्यावर उन्हात ठेवले. मुकादमाने मला पाहिले मात्र, त्याचे धाबे दणाणले. काही चौकशी न करता त्याने चार माणसे लावून दुपारपर्यंत अर्धी गल्ली उकरली. साहेब जेवायला आले, तर दारात खंदक!

"कुठे गळतंय?" त्यांनी विचारले.

"तेच शोधतोय साहेब," मुकादम घाम पुसत म्हणाला. "खुर्ची मांडली होती ना तुम्ही."

"अहो, मी धुऊन वाळत ठेवली होती ती," बाई खिडकीतून म्हणाल्या. "माणसांना खुर्चीचा एवढा धाक लावून ठेवलाय, आता भोगा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या, फावडे उचलले आणि मुकादमाच्या जोडीने सगळी माती पुन्हा लोटली. तेव्हापासून मला वाळवायला गच्चीवर नेऊ लागले.

अशी बारा वर्षे मजेत गेली. शेवटचे काम कालव्यावरच्या पुलाचे होते. जुना लाकडी पूल कुजून पडला होता आणि शाळेची मुले दोन फळ्यांवरून तोल सावरत पलीकडे जात. एका मुलीचे दप्तर पाण्यात वाहून गेले. आज दप्तर गेले, उद्या मूल जाईल, म्हणून साहेब तिथे ठाण मांडून बसले. नऊ दिवसांत दोन्ही काठांचे खांब उभे राहिले. नवव्या दिवशी दुपारी ते घरी आले, "जरा पडतो" म्हणाले आणि पुन्हा उठले नाहीत. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. मला मात्र फार वाईट वाटले. त्यांच्या वजनाची मला इतकी सवय झाली होती की रिकामे राहवेना.

त्यानंतर माझे कौतुक सुरू झाले. मला पॉलिश लावून कार्यालयात, जिन्यापाशी, काचेच्या कपाटात ठेवले आणि वर पाटी लावली, 'बसू नये'. महिन्याभराने नव्या नगराध्यक्षांनी बाईंना त्या कपाटाच्या उद्घाटनाला बोलावले. लांबलचक भाषणे झाली. बाईंनी सगळी शांतपणे ऐकली आणि विचारले, "पूल झाला का?"

नगराध्यक्ष चाचरले. "बाई, पुढच्या बैठकीत विषय घेतोय."

"म्हणजे महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नाही."

बाईंनी कपाट उघडले आणि मला बाहेर काढले.

"बाई, राहू द्या ना. साहेबांची आठवण आहे ती," नगराध्यक्ष म्हणाले.

"मला त्यांची आठवण आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही, म्हणून ही नेतेय."

त्या कालव्याकाठी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मुकादम माणसे घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बाईंची कंबर धरली. मुकादम म्हणाला, "तुम्ही घरी जा, मी बसतो." त्यावर बाई म्हणाल्या, "तू बसलास तर फळ्या कोण ठोकणार?" मग लोकांनी पाळ्या लावल्या. पोस्टमन टपाल वाटून झाले की बसे, शाळेच्या शिक्षिका मधल्या सुट्टीत बसत. न्हाव्याने तर माझ्यावर बसवून दोन गिऱ्हाइकांच्या दाढ्याही उरकल्या. तेविसाव्या दिवशी पूल तयार झाला. बाई त्याच्यावरून आधी चालत गेल्या, मधोमध थांबून त्यांनी पाय आपटून पाहिला. "भक्कम आहे," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मी कपाटात परत गेले नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा, पण नुसत्या पुसून ठेवू नका. त्याचे अर्धे राहिलेले काम हाती घ्या. माझे कापड फाटले तर शिवता येते. वापराविना पडून राहिले तर मात्र मी कुजेन.

सध्या मी बाजारामागच्या तुंबलेल्या गटारापाशी आहे. वास येतो, पण सवय होते. न्हावी सकाळी बसून गेला. आता जागा रिकामी आहे. तुम्हाला अर्धा तास वेळ आहे का?