दादाच्या वतीने

सोमवारी सकाळी अकरा वाजता मुख्याध्यापिकांच्या खोलीत एका बहिऱ्या मुलाला विचारण्यात आलं, वसतिगृहाच्या शाळेत जायचंय का? उत्तर त्याच्या धाकट्या बहिणीने दिलं.

मुलगा बारा वर्षांचा, बहीण दहाची. घरात तिला टकळी म्हणतात. आईवडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे. "दोघांत मिळून तोंड एकच," वडील गिऱ्हाइकांना सांगत, "आणि तेही हिच्याकडे." खुणांची भाषा भावंडांनीच आपसांत जुळवली होती. आईला त्यातलं जेव, झोप, ये एवढंच येई. बाकी विचारायला टकळी होतीच. शाळेतही तो तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसे.

वसतिगृहाची शाळा दूर होती. गेल्या महिन्यात वडील त्याला ती दाखवून आले. तिथे शिक्षकसुद्धा हातांनी बोलत. परतल्यावर तो दुकानात नव्या खुणा करून दाखवत राहिला. "बाजूला हो रे, भाजेल," आई म्हणाली. कपड्यांचा ढीग पडला होता.

आता तिथे एक जागा रिकामी झाली होती. शिक्षण खात्याचे साहेब नियमाला पक्के. "मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही," ते म्हणाले आणि ओशाळले. "म्हणजे, बाळ, तू विचार त्याला."

टकळीने विचारलं. मुलाने लगेच दोन्ही मुठी खांद्यांशी नेल्या, दप्तराचे पट्टे आवळावेत तशा, आणि दाराकडे बोट केलं. मग पुन्हा तेच, जरा सावकाश.

"काय म्हणतोय?"

"नको म्हणतोय. इथंच राहायचंय त्याला."

"नक्की?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

साहेबांनी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. दप्तराची खूण कळायला भाषा यावी लागत नाही. आईने टकळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिलाच कळतं त्याचं, साहेब."

त्या संध्याकाळी मुलाने आपले दोन शर्ट स्वतः इस्त्री केले, पिशवीत भरले आणि पिशवी घेऊन दाराशी बसला.

"गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखा काय बसलाय हा?" वडिलांनी विचारलं.

आईने टकळीला पानं घ्यायला सांगितलं.

बुधवारी जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. रात्री पानावर टकळी म्हणाली, "आई, सोमवारी मी..."

"जेव आधी," आई म्हणाली.

पिशवी अजून दाराशीच आहे. मुलगा शाळेत येतो, पण मागच्या बाकावर एकटा बसतो. टकळी मागे वळून खुणा करते. त्याचे हात खिशात असतात.

काल मुख्याध्यापिकांनी तिला थांबवून विचारलं, "दादा काय म्हणतो गं हल्ली?"

"माहीत नाही, बाई," ती म्हणाली.

खात्याला अद्याप कोणी काही कळवलेलं नाही.